तेहतिसाव्या पलटणीचा लाल

वॉटर्लूच्या इंग्रज शिपायाचा डगला लाल, हे कुणालाही ठाऊक असतं. म्हणून इवले सैनिकी पुतळे रंगवायला सुरुवात करताना मी ३३ वी पलटण घेतली. असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, याची ही जुनी पलटण. पुतळे २८ मिलिमीटरचे: काही शिपाई, एक अधिकारी. दुकानात मात्र लाल रंगाच्याच इतक्या बाटल्या, की हात पुढे जाईना.

वाचायला लागलो तर गोंधळ वाढलाच. साध्या शिपायाचं जाडंभरडं लोकरी कापड युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळांनी रंगवलेलं असे. त्याचा लाल दबका, विटकरीकडे झुकणारा. अधिकारी स्वतःच्या पैशाने तलम कापड शिवून घेई. ते कोचिनीलचं, म्हणजे मेक्सिकोकडच्या निवडुंगावरच्या किड्यापासून काढलेल्या रंगाचं. कथिलाच्या क्षाराने त्याला लखलखीत शेंदरी झाक येई. एकाच रांगेत दोन लाल! शिवाय मोहिमेवर उन्हापावसात डगले विटत, ते वेगळंच. मग ‘अचूक’ म्हणायचं कशाला?

मिश्रणाचं गणितही डोक्यात शिरेना. लाल गडद करायला काळा घालावा तर तो मळकट तपकिरी होतो. उजळायला पांढरा घालावा तर गुलाबी. वॉटर्लूला ३३ वीच्याच ब्रिगेडमध्ये असलेल्या ३० व्या पलटणीच्या कॉलर-कफांचा फिका पिवळा करून बघावा म्हणून पिवळ्यात काळ्याचा ठिपका टाकला, तर समोर चक्क शेवाळी हिरवा! लालाचं तेज मोडायचं तर किंचित हिरवा किंवा गडद निळा घालायचा, आणि उजळायचं तर नारिंगी, हे हळूहळू उमगलं.

शिपायासाठी आता मी मध्यम लालाचे चार थेंब आणि विटकरी तपकिरीचा एक घेतो, आणि ब्रशच्या टोकाला लागेल एवढाच हिरवा. हे मिश्रण पुठ्ठ्यावर फासून वाळू देतो, कारण ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो आणि ओल्या रंगावरून काही ठरवता येत नाही. लाल पातळ, खालचं झाकत नाही. म्हणून पांढऱ्या प्रायमरवर दोन-तीन हलके हात. इवल्याशा पुतळ्यावर रंग मुळापेक्षा काळपट दिसतो, त्यामुळे खऱ्या कापडाशी तंतोतंत जुळलेली छटाही थोडी उजळावी लागते. हे मला अजून विलक्षण वाटतं.

३३ व्या पलटणीची खरी कसोटी वेगळीच. त्याच ब्रिगेडमधल्या ६९ वीचे कॉलर-कफ हिरवे, ३० वीचे पिवळे. ३३ वीचे मात्र लालच. लालावर लाल. तिथे कॉलर उठून दिसतो तो फक्त पांढऱ्या किनारीने आणि तिच्या कडेला ओढलेल्या केसाएवढ्या गडद रेघेने. ती रेघ नीट बसली की पुतळा एकदम जिवंत होतो, आणि माझा सगळा आनंद त्या रेघेत आहे.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर प्रत्येक मिश्रणाचे थेंब वहीत लिहून ठेवा, शेजारी वाळलेल्या रंगाचा ठिपका द्या, आणि अख्ख्या तुकडीला पुरेल एवढा रंग एकदमच कालवा. आणि शिपायाला नि अधिकाऱ्याला एकाच बाटलीतला लाल मुळीच लावू नका.