जुन्या पीसीवाले किती उरले?

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एक प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. ‘जुन्या मशिनवाले अजून किती उरलेत रे?’ आम्ही दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. जुन्यांना सांभाळायचं म्हणजे टेस्टिंग डबल, आणि आपला वीकेंड गुल! मग कुणीतरी स्टॅटकाउंटरचा ग्राफ उघडतो, तळाला टेकलेली एक्सपीची रेघ दाखवतो आणि म्हणतो, ‘बॉस, विषय संपला.’

पण स्टॅटकाउंटर माणसं मोजतच नाही. मोजतं ती वेबसाइट्सची उघडलेली पानं. दिवसभर सर्फिंग करणारा एकटा शंभर पानं खातो, महिन्यातून एकदा तिकीट काढणारे आजोबा जेमतेम पाच. स्टीमच्या सर्व्हेत तर फक्त गेमर्स, तेही ‘हो’ म्हणालेले. आणि ज्याच्या पीसीला नेटच नाही, तो कुठल्याच ग्राफमध्ये नाही.

असे लोक आहेत हो! आमचे काका नारायण पेठेत डीटीपी करतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. एक्सपी, पेजमेकर, फॉन्टचं डोंगल. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा सपोर्ट बंद केला, तेव्हा काकांनी शांतपणे नेटची वायर काढून ठेवली. झाली सिक्युरिटी! बिलं मात्र आमच्याच सॉफ्टवेअरवर. ‘नवा घ्या ना,’ म्हटलं तर म्हणाले, ‘तू देणार का मला वीस वर्षांच्या फाइल्स परत टाइप करून?’ खरंय. त्या सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ.

बरं, जुनं म्हणजे तरी काय? १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि माझा २०१६चा टकाटक लॅपटॉप ११साठी नापास. एका दिवसात मीही ‘जुन्यांत’!

आणि ‘फक्त एक टक्का’ हा शब्द तर डोक्यात जातो. विंडोज १० आणि ११ची मिळून १४० कोटी मशिन्स वापरात आहेत, असं मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये सांगितलं होतं. त्याचा एक टक्का करा. १ कोटी ४० लाख!

या वेळी मी ग्राफ बाजूला ठेवला आणि डीलर्सनाच फोन लावायला घेतले. पहिला सांगलीचा. ‘अकरा आहेत साहेब,’ तो म्हणाला, ‘आणि एक माझा स्वतःचा.’ अजून चौदा डीलर्स बाकी आहेत.