आकडे कुठी गेले?

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी ही तिसरी भाषा, आणि मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड! ५९ म्हणजे एकोणसाठ की एकोणसत्तर, हे ठरवायला मला आजही दोन सेकंद लागतात. तेव्हा मराठी विभागात माझं नाव बघून हसू नका. हा लेख माझ्या हुशारीचा नाही, फजितीचा आहे.

माझी रूममेट धानोरा तालुक्यातली. गडचिरोली जिल्ह्यातल्या याच तालुक्यात मेंढा-लेखा हे गाव आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबू वाहतुकीच्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. मी चंद्रपुरात वाढले, ताडोबा तीनदा बघितला, पण हे सगळं मला कळलं ते हॉस्टेलवर, रात्री बारा वाजता मॅगी खाताना. पुस्तकात होतं की नाही कोण जाणे, असलं तरी मी ऑप्शनला टाकलं असणार.

तर, मागच्या दिवाळीनंतर रूममेटचे बाबा तिला सोडायला आले. खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह काढला. त्यांच्या गावाने कधीकाळी वनहक्काच्या दाव्यासाठी जंगलाच्या सीमेचं वर्णन आणि ठराव टाइप करून घेतले होते. छापील फाइल वाळवीने खाल्ली. ज्या डीटीपीच्या दुकानात टाइपिंग झालं, ते दुकानही बंद पडलं. उरली ती ऑपरेटरने पेजमेकरमध्ये ओतण्यासाठी केलेली एक टेक्स्ट फाइल. “ग्रामसभेत वाचाची आहे. तुम्ही पोरी इंजिनिअर होऊन राहिल्या, द्या काढून,” एवढंच म्हणाले.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स. लिबरऑफिसमध्ये फाइल उघडली आणि मी थक्क! कुठे साधी इंग्रजी अक्षरं, कुठे डोक्यावर गोल टोपी घातलेला ए, कुठे खंजीर, कुठे शेकड्याच्या चिन्हाचा मोठा भाऊ. मला वाटलं फ्रेंच आहे. रूममेट म्हणाली, “आमच्या गावात फ्रेंच कोणालेच येत नाही.”

फ्रेंच नव्हतं, कृतिदेव होतं. जुन्या फॉन्टची ही गंमत माहीत असू द्या. कॉम्प्युटरच्या लेखी ती अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रं दाखवतो. मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरची. ई दाबला की म, जी दाबला की ह, के दाबला की काना. म्हणून ‘महाराष्ट्र’ हा शब्द फॉन्टशिवाय उघडला तर ई-जी-के-जे-के, मग अवतरण चिन्ह, मोठा व्ही आणि वर उचललेला बारीक ए असा दिसतो. जय महाराष्ट्र!

सोपा उपाय म्हणजे फॉन्टची फाइल होम डिरेक्टरीतल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि मजकुराला तो फॉन्ट लावायचा. मी लावला. मराठी दिसलं! पण तो नुसता मेकअप. त्यात ‘बांबू’ शोधलं तर सापडत नाही, आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेलं की परत फ्रेंच. खरा उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा.

मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला बसले. नुसतं या अक्षराऐवजी ते अक्षर करून भागत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलटा, तिथे नंतर आणि इथे आधी. शिवाय माझा तक्ता हिंदीसाठी बनवलेला. हिंदीत ‘ऱ्या’ नाही, त्यामुळे ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ झालं. हा फरक लहान समजू नका. आपल्या मेसच्या आचाऱ्यांना त्या हिशोबाने आचार्यांना म्हणावं लागेल!

फाइल वाचताना प्रोग्रामने सुरुवातीला यूटीएफ-८ ला एरर दिला. मी लॅटिन-१ टाकलं, एरर गेला. तक्त्यात नसलेलं चिन्ह गाळून टाक, अशी ओळही मीच लिहिली, प्रिंट स्वच्छ यावी म्हणून. पहाटे तीनला चौतीस पानं तयार झाली. मी सेमिस्टरभर एवढी खूश झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी व्हिजिटर्स रूममध्ये काकांच्या हातात प्रिंट दिली. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग शांतपणे विचारलं, “बाई, आकडे कुठी गेले?”

मी बघितलं. ‘कक्ष क्रमांक’ आणि पुढे काहीच नाही. क्षेत्र ‘० हेक्टर’. जिथे जिथे शून्य होतं तेवढं राहिलं होतं, एक ते नऊ गायब! जंगलाचा कागद, आणि त्यात जंगलाचा आकडाच नाही. मी चौतीस पानं प्रिंट केली होती, पण वाचलं एकही नव्हतं. मराठी आकडे माझ्या डोळ्यांना नक्षीसारखे वाटतात, हे खरं कारण.

चूक रात्री सापडली. कृतिदेवमध्ये मराठी १ ते ९ हे आकडे १३१ ते १३९ या जागांवर आहेत आणि शून्य २२९ वर. विंडोज-१२५२ या संकेतात १३१ ते १३९ वर खरीखुरी चिन्हं आहेत, त्यातच तो खंजीर. लॅटिन-१ मध्ये १२८ ते १५९ या जागा न दिसणाऱ्या कंट्रोल कोडसाठी राखलेल्या. दोन्हीकडे २२९ मात्र तोच, टोपीवाला ए. म्हणून शून्य वाचलं आणि बाकीचे नऊ माझ्या ‘गाळून टाक’ने गाळले. लॅटिन-१ कुठल्याच बाइटला नाही म्हणत नाही, म्हणून एरर आला नव्हता. एरर न येणं म्हणजे बरोबर असणं नव्हे, हे लॅबमध्ये सर दहादा सांगतात. मला ते काकांनी एकदाच विचारून शिकवलं. दुरुस्ती एका शब्दाची, लॅटिन-१ च्या जागी विंडोज-१२५२.

काका अजून एक दिवस थांबले. या वेळी मी प्रिंट दिली नाही, स्वतः मोठ्याने वाचून दाखवली. त्यांच्या हातात कागद नव्हता. सीमा मोजायला गावासोबत ते स्वतः चालले होते, त्यामुळे नाला कुठे वळतो, कुठल्या मोहाच्या झाडाशी हद्द संपते, सगळं तोंडपाठ. मध्येच मी अडखळले. “कक्ष क्रमांक एकोणसत्तर...”

“एकोणसाठ, बाई. एकोणसत्तर आपला नोहे.”

कागदावर ५९ च होतं. प्रोग्राम बरोबर होता, चुकले मी. रूममेट गोंडीत बाबांना काहीतरी म्हणाली, दोघं हसले. मीही हसले, पण कान लाल झाले होते.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी, ग्रामपंचायतीत, बचत गटात अशा जुन्या फॉन्टच्या फाइली पडून असतील. घेऊन या, प्रोग्राम तयार आहे. अट एकच. बदललेली प्रत घरच्या जाणत्या माणसासमोर मोठ्याने वाचायची, आणि आकडे सगळ्यात आधी.

(संपादक मंडळास विनंती: या लेखातले आकडेही एकदा तपासून घ्यावेत. मी मोठ्याने वाचले आहेत, तरीही.)