बहुधा नव्हे, नक्की!

पुढे बेंगळुरूला स्थिरावलेले गणिती नीरज कयाल तरुणपणीच जगाला ठाऊक झाले, ते एका शाळकरी प्रश्नामुळे. समोरची संख्या मूळ आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

९१ पाहा. दिसायला अगदी मूळ; पण तेरा साते एक्क्याण्णव म्हटले की सोंग उघडे पडते. संख्या शंभर अंकी असेल, तर मात्र एकेका आकड्याने भागत बसलेल्या संगणकालाही युगे पुरणार नाहीत. आणि बँकेचे व्यवहार गुप्त राखायला अशाच अवाढव्य मूळ संख्या लागतात. त्या पारखण्याच्या झटपट चाचण्या होत्या. पण त्या 'बहुधा मूळ' एवढेच सांगत.

ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तील प्रा. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी कयाल व नितीन सक्सेना यांनी अवघ्या नऊ पानांत नवी रीत मांडली. संख्येचे अंक वाढले तरी लागणारा वेळ आटोक्यात राहतो आणि उत्तर मिळते ते नक्की. २००६ मध्ये तिघांना गोडेल पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये, बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रात असताना, कयाल इन्फोसिस पुरस्काराचे मानकरी ठरले.

गंमत अशी, की व्यवहारात आजही 'बहुधा' म्हणणाऱ्या चाचण्याच वापरतात, कारण त्या अधिक वेगवान आहेत. मग एवढा खटाटोप कशासाठी? व्यवहाराचे 'बहुधा'वर भागते, गणिताचे भागत नाही. पदवीच्या वयातल्या दोन मुलांनी आपल्या सरांबरोबर त्या 'नक्की'चा पाठपुरावा केला, हे घरोघरच्या मुलांना सांगण्याजोगे आहे.