रिकामा सोफा आणि उभ्या सहा जणी

मुंबईतल्या एका बड्या मॉलमध्ये, परदेशी ब्रँडच्या शोरूममध्ये मी दोन वर्षं सेल्सचं काम केलं. काळा सूट, टाचांचे बूट. हँडबॅग दाखवायची तर पांढरे हातमोजे घालून. तिची किंमत माझ्या वर्षभराच्या पगाराहून जास्त. कामावर यायचा रस्ता मात्र मागचा, मालाच्या लिफ्टचा, आणि घरी निघताना रोज आमच्याच पर्सची झडती.

ते मी पचवलं. जड गेलं ते उभं राहणं. दुपारी दोन-दोन तास गिऱ्हाईक फिरकत नसे. समोर मखमली सोफा रिकामा आणि आम्ही सहा जणी उभ्या. काउंटरला टेकायचंही नाही. पाळीच्या दिवसांत मी ट्रायल रूमचं दार लावून जमिनीवर बसायचे, पाच मिनिटं. एकदा पकडले गेले. मॅनेजर म्हणाला, "बसलेली मुलगी ब्रँडला शोभत नाही."

मला आजी आठवली. वाड्यावर गेलं की ओट्याखाली उभं राहूनच बोलायचं, हे ती सांगायची. तिलाही कुणी बस म्हणालं नव्हतं.

यावर आपलेच कार्यकर्ते म्हणतात, ताई, तिथे सवर्ण मुलीही उभ्याच असतात, यात जात कशाला आणता? असतात, मान्य. नियम परदेशातून आला असेल, तेही मान्य. पण तो इथे कुणाला खटकला का नाही? ज्या घरात धुणं-भांडी करणाऱ्या बाईला खुर्ची देत नाहीत, त्या घरातून आलेल्या गिऱ्हाइकाला उभी मुलगी खटकणार कशी? कोण बसणार आणि कोण उभं राहणार, हे या देशात जातीनंच शिकवलंय.

हे बदलता येतं. कोझिकोडमधल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी 'पेनकूट्टु' ही संघटना बांधली. लघवीला जाण्याच्या आणि बसण्याच्या हक्कासाठी त्या वर्षानुवर्षं लढल्या. 2018 साली केरळनं दुकान कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय सक्तीची केली, 2021 मध्ये तामिळनाडूनं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 साली कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला, हे आपण जयंतीला अभिमानानं सांगतो. पण आपल्या पोरी आज मॉलमध्ये आहेत, आणि आपल्या एकाही मेळाव्यात मी स्टुलाची मागणी ऐकलेली नाही.

आमच्या शोरूममध्ये संघटना होणं अवघड होतं, आणि त्याचं एक कारण मीही होते. छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव, आडनाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लादी पुसणाऱ्या मावशी जिन्यात बसून डबा खायच्या. "आत या" असं सहा जणींपैकी एकीनंही म्हटलं नाही. त्यांच्या फोनवर बाबासाहेबांचा फोटो मी पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. तरी दोन वर्षं गप्प राहिले.

नोकरी सोडली त्या दिवशी जिन्यात जाऊन त्यांना जय भीम केला. डब्यातून मान वर न करता मावशी म्हणाल्या, "जय भीम. मला ठाऊक होतं गं."