सवाल येतो, लफ्ज येत नाही

आम्ही सोलापुरात नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, उर्दूतून. त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला ज़ाविया, वर्तुळाला दायरा आणि त्रिज्येला निस्फ कुत्र म्हणतो. फळ्यावर वाक्य उजवीकडून सुरू होते, समीकरण मात्र डावीकडून. एकाच ओळीत खडू दोन्ही दिशांना चालतो आणि आमच्या मुलांना त्यात काही वेगळे वाटत नाही.

अडते ते अकरावीत. 2024 साली दहावी झालेली आमची एक विद्यार्थिनी सायन्सला गेली. गणितात तिला चांगले गुण होते. दिवाळीच्या सुट्टीत ती भेटायला आली आणि म्हणाली, ‘‘सर, सायन्स छोड रई मैं.’’

आम्ही कारण विचारले.

‘‘सवाल आता, सर. लफ्ज नै आता. रेडियस बोले तो निस्फ कुत्र, इत्ता समजे तक आगे का सवाल आ जाता.’’

आम्ही तिला ‘मेहनत करो’ म्हणून सांगितले. शिक्षकाला हाच सल्ला सर्वांत स्वस्त पडतो. ती ‘जी सर’ म्हणाली आणि गेली. पुढच्या वर्षी तिने मराठी माध्यमाच्या आर्ट्सला प्रवेश घेतल्याचे कळले.

तिचे बोलणे मनातून जाईना. गणिताचा शब्द उर्दू, मराठी आणि इंग्रजीत एकाच ओळीत दाखवणारे एखादे अ‍ॅप मुलांच्या मोबाइलवर असले तर? दुसऱ्याकडून करून घ्यायचे तर पैसे हवेत. तेव्हा आपणच शिकायचे असे आम्ही ठरवले.

संगणक आम्हाला येत होता, निदान आमचा तसा समज होता. आमचा संगणक म्हणजे विंडोज, आणि विंडोज म्हणजे इनपेज. शाळेच्या उर्दू प्रश्नपत्रिका, निकाल, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, सगळे त्यात. आमचा जुना, दुसऱ्या हातचा लॅपटॉप विंडोज 10 वर चालायचा. त्याच्यावर अँड्रॉइड स्टुडिओ टाकला तेव्हा तो दम्याच्या रोग्यासारखा धापा टाकू लागला. त्यातच 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार कंपनीने थांबवला आणि विंडोज 11 हा लॅपटॉप घेईना. पॉलिटेक्निकला शिकणारा आमचा भाचा म्हणाला, ‘‘मामू, लिनक्स डालते. फुकट है, हलका बी है.’’ दिवाळीच्या सुट्टीत त्याने उबुंटू टाकून दिले आणि तो होस्टेलला निघून गेला.

मग आम्ही आणि ते यंत्र, दोघेच राहिलो.

पहिल्या दिवशी सी आणि डी ड्राइव्ह शोधले. ते नव्हतेच. इनपेज उघडेना. जुन्या प्रश्नपत्रिकांतले शब्द तरी घ्यावेत म्हटले, तर त्या फायलींतली अक्षरे युनिकोडमध्ये नव्हती. उघडल्या तेव्हा पडद्यावर नुसती चिन्हांची रांगोळी. वर्षांची कमाई एका दिवसात मुकी झाली. उर्दूचा फोनेटिक कळफलक मिळाला, पण काही अक्षरे भलत्याच बटणांवर बसली होती. टर्मिनलच्या काळ्या खिडकीने पासवर्ड मागितला. आम्ही टाइप करत होतो आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हते, एक ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला असे समजून आम्ही तो झटकला. भाच्याला फोन लावला तेव्हा तो हसला, ‘‘मामू, वो दिखाताच नै. आप लिख के एंटर मारो.’’

एक संध्याकाळ तर एका फोल्डरपायी गेली. नाव डोळ्यांसमोर दिसत होते आणि यंत्र म्हणत होते की असे काही अस्तित्वातच नाही. रात्री उलगडा झाला. नावाचे पहिले अक्षर कॅपिटल होते, आम्ही स्मॉल लिहीत होतो. विंडोजने आम्हाला असा भेद कधी करायला लावला नव्हता. आमच्या उर्दूत आणि मराठीतही लहान-मोठे अक्षर नसते. इंग्रजीच्या वहीत देशाचे नाव स्मॉल अक्षराने लिहिणाऱ्या मुलाला आम्ही ‘इतकेही कळत नाही?’ असे विचारले आहे. त्या रात्री यंत्राने आम्हाला तेच विचारले, आणि आम्हाला खरेच कळले नव्हते.

शाळेच्या कार्यक्रमांत आम्ही भाषण करतो. बगदादच्या अल्-ख्वारिज्मीच्या ग्रंथावरून ‘अल्जिब्रा’ आणि त्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हे शब्द आले असे सांगतो. टाळ्या पडतात. गोष्ट खरी आहे, नवव्या शतकातली आहे. पण दहा ओळींचा अल्गोरिदम लिहायला बसलो तेव्हा त्या टाळ्या कामाला आल्या नाहीत. पूर्वजांची मिळकत सांगून आजची चूल पेटत नाही.

एमुलेटर लॅपटॉपला झेपेना, म्हणून अ‍ॅप आमच्या फोनवरच चालवून बघायचे ठरले. त्यासाठी सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारावी लागते. सातव्या टिचकीला फोन सांगतो की तुम्ही आता डेव्हलपर झालात. बी.एड.ला इतके सोपे असते तर! पुढे मात्र काहीच सोपे नव्हते. ग्रेडल नावाचा प्रकार पहिल्या वेळी मोबाइलचा त्या दिवसाचा सगळा डेटा खाऊन बसला. कोटलिन भाषेत एक कंस राहिला की लाल रेघा उमटायच्या. लाल शाई आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या वहीवर वापरली होती.

एका गोष्टीने मात्र आम्हाला सुखावले. आम्ही शब्दांच्या जागा ‘डावी’ आणि ‘उजवी’ अशा लिहिल्या होत्या. स्टुडिओने पिवळी खूण करून सुचवले की डावे-उजवे म्हणू नका, ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ म्हणा. 2012 च्या अँड्रॉइड 4.2 पासून ही सोय आहे. भाषा उर्दू असली की आरंभ उजवीकडे धरला जातो, मराठी असली की डावीकडे. कुणाला सरळ आणि कुणाला उलट म्हणायचे कारण उरत नाही. प्रत्येकाचा आरंभ त्याच्या जागी. इतके दिवस परक्या वाटणाऱ्या त्या यंत्रावर आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा नीट टेकून बसलो.

आमच्या फोनवर उर्दू नस्खमध्ये दिसत होती. मुलांची पुस्तके नस्तालीकमध्ये असतात. म्हणून नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्ट अ‍ॅपमध्ये घातला, तर शब्दांची डोकी कापली गेली. नस्तालीक तिरकी उतरते, तिला ओळीत उंची जास्त लागते. आम्ही ओळीची उंची वाढवली. रमजानात तरावीहनंतर तास-दीड तास बसून शब्द भरले. ईदपर्यंत चाळीस झाले. जज़्र-उल-मुरब्बा, वर्गमूळ, स्क्वेअर रूट. मुसल्लस, त्रिकोण, ट्रायँगल.

ईद मिलायला ती विद्यार्थिनी आईबरोबर घरी आली. आम्ही जरा संकोचूनच फोन तिच्या हातात दिला. तिने बोटाने शब्द वर सरकवत नेले. शीरखुर्म्याची वाटी तशीच राहिली.

‘‘दो साल पैले होता तो…’’ एवढे बोलून ती थांबली. आम्ही मान खाली घातली. सांगण्यासारखे काही नव्हते, आणि ‘मेहनत करो’ हे तर आता तोंडातून निघाले नसते.

मग तीच म्हणाली, ‘‘सर, त्रिज्या में वेलांटी पैली आती. आपने दूसरी दी.’’

मराठी ती आता आमच्यापेक्षा बरी लिहिते. तिची धाकटी बहीण यंदा नववीत आमच्याच वर्गात आहे. तिच्या फोनवर अ‍ॅप टाकून द्यायचे होते, पण आम्ही म्हटले, थांब. लॅपटॉप उघडला, काळ्या खिडकीत न दिसणारा पासवर्ड लिहिला, वेलांटी दुरुस्त केली आणि पुन्हा ग्रेडल फिरत ठेवला.