आधी बसवायचं, मग आवळायचं

रायफलीचा दस्ता बदलणं हा काही आध्यात्मिक लेखाचा विषय नव्हे, असं आमच्या पॅरिशमधल्या एक ताई मला म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारी बाई बंदुकीवर लिहायला बसली, तर कुणालाही दचकायला होईल. म्हणून आधीच सांगते, ही रायफल कुणावर रोखण्यासाठी नाही. तिच्यासमोर ५० मीटरवर एक कागद असतो. त्या कागदावरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. त्या बटणापर्यंत पोचायला माणसाला किती शांत व्हावं लागतं, हे मी गेल्या वर्षी जवळून पाहिलं. त्यातलं थोडं तुमच्यापुढे ठेवते.

माझी भाची कोल्हापुरात शिकते आणि तिथल्या एका क्लबात नेमबाजी करते. कोल्हापूरला या खेळाचं वेड आहे, आणि का नसावं? तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली ती याच मातीतली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून असा तीन तऱ्हेने नेम धरायचा हा खेळ. रायफल .२२ ची, बहुतेक बोल्ट ॲक्शनची. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुन्हा पुढे न्यायचा, पुन्हा श्वास लावायचा. घाईला तिथे जागाच नाही.

पोरगी मन लावून करत होती, पण दोन वर्षांत गुण पुढे सरकेनात. मानेत कळ यायची, उजवा खांदा भरून यायचा. आधीच्या ठिकाणी तिला सांगितलं गेलं होतं की तुझे हात आखूड आहेत, मान बुटकी आहे, हा खेळ तुझ्यासाठी नाही. सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या शरीराबद्दल असं कुणी बोललं की ते वाक्य तिच्या हाडात जाऊन बसतं. तिने माझ्या बहिणीला सांगून टाकलं होतं, "आई, पुढच्या महिन्यापासून मी जात नाही."

नव्या क्लबात हत्यारांची देखभाल करणारे एक काका आहेत. सैन्यातून आर्मरर म्हणून निवृत्त झालेले, हातात परवानाधारक कारागिराचं काम. त्यांनी तिला रायफल धरायला लावली, एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तू बुटकी न्हाईस. हे लाकूड सहा फुटी गड्याच्या मापाचं हाय."

मग त्यांनी जुन्या थ्री नॉट थ्रीची गोष्ट सांगितली. ब्रिटिशांच्या काळापासून चाललेल्या त्या रायफलीला खांद्याकडचं लाकूड वेगवेगळ्या लांबीत मिळायचं: लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि सगळ्यात आखूड बँटम. एकेका मापात अर्ध्या इंचाचा फरक. लाकडावर तसं अक्षरही ठोकलेलं असायचं. "लाखो शिपायांची फौज," काका म्हणाले, "तिथंबी गड्याला लाकडाच्या मापात बसवत न्हवते, लाकूड गड्याच्या मापाचं घेत हुते." माझी भाची ते ऐकून गप्प झाली. त्या गप्पपणात दोन वर्षांचं बरंच काही सुटत असावं.

क्लबातल्या एका मोठ्या खेळाडूने आपला जुना दस्ता विकायला काढला होता. क्लबात सगळे त्याला स्टॉक म्हणतात. पातळ लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेला, त्यामुळे कोल्हापूरच्या पावसात अक्रोडाच्या अखंड लाकडासारखा फुगत नाही. गाल टेकायची पट्टी खाली-वर होणारी, खांद्याकडची पाटी मागे-पुढे सरकणारी. माझ्या बहिणीने भिशीचे पैसे उचलले. मी एका शनिवारी बेळगावहून कोल्हापूरची बस धरली. नळी कोणती, खटका कोणता, यातलं मला काही कळत नव्हतं. मावशी सोबत असावी एवढंच भाचीचं म्हणणं होतं.

काम क्लबाच्या शस्त्रागारातच झालं. रायफल परवान्यावरची, ती घरी आणून टेबलावर उघडायची वस्तू नव्हे. काकांनी पहिल्यांदा बोल्ट बाहेर काढला, नळीत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहिलं, मग बोटाने चाचपून पाहिलं, मग भाचीलाही पाहायला लावलं. तीनदा खात्री. मग पोटाखालचे दोन स्क्रू, थोडा पुढचा, थोडा मागचा, असे आळीपाळीने सैल केले. "क्रम चुकवायचा न्हाई," ते म्हणाले. जुन्या थ्री नॉट थ्रीत पुढचं लाकूड आधी न काढता मागच्या लाकडाचा बोल्ट फिरवला, तर पुढचं लाकूड चिरतं, असं त्यांनी सांगितलं. जोर कमी पडला म्हणून नव्हे, क्रम चुकला म्हणून.

धातूचा भाग लाकडातून अलगद वर आला. नळी, बोल्टचं घर, खटका, बस. मला वाटलं होतं रायफल म्हणजे हा सगळा डौलदार लाकडी आकार. काकांनी बोल्टच्या घरावर कोरलेला नंबर दाखवला. परवान्यावर हाच नंबर लिहिलेला असतो, लाकडाचा नाही. लाकूड बदललं तरी रायफल तीच राहते.

नव्या लाकडात ती लगेच बसली नाही. वरून पाहिलं तर बसल्यासारखी दिसत होती. पण काकांनी विचारलं, "लिपस्टिक हाय का कुणाकडं?" आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. शेवटी भाचीच्या दप्तरातून एक निघाली, आणि मावशीसमोर ती निघाल्याबद्दल ती लाजलीही. काकांनी धातूच्या तळाला तिचा पातळ हात दिला, तो लाकडात दाबला आणि पुन्हा उचलला. लाकडावर दोनच ठिकाणी लाल ठसा. म्हणजे सगळा भार त्या दोन उंचवट्यांवर होता आणि बाकीचा धातू अधांतरी. जुन्या काळी याच कामाला दिव्याची काजळी लावायचे म्हणे. मग कानस, थोडी घासणी, पुन्हा लिपस्टिक, पुन्हा दाब. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दुपार उलटली एवढं आठवतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, स्क्रू घट्ट केले तर बसणार नाही का ते?"

ते हसले. "ताई, आवळून बसलेलं दिसतं, पण बसलेलं नसतं. धातू वाकतो. डोळ्याला दिसत न्हाई, पर नळीला कळतं. आज एकीकडं मारंल, उद्या उन्हात दुसरीकडं. आधी बसवायचं, मग आवळायचं."

संध्याकाळी त्यांनी धातूच्या तळाला बुटाचं पॉलिश चोळलं, भोकं मुलांच्या खेळायच्या मातीने बुजवली आणि लाकडाच्या खोबणीत इपॉक्सी भरून धातू त्यात ठेवला. पॉलिश अशासाठी की इपॉक्सी धातूला चिकटू नये, नुसता त्याचा आकार घ्यावा. स्क्रू फक्त टेकवले, आवळले नाहीत. कारण इपॉक्सी वाळताना जो ताण असेल, तोच कायमचा गोठून बसतो. चोवीस तास कुणी हात लावायचा नाही.

त्यामुळे रविवार मध्ये आला. सकाळी आम्ही दोघी मिस्सेला गेलो. आणि तिथे बसल्या बसल्या मला शौल राजाचं चिलखत आठवलं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातली ती गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण गल्याथाकडे पोचायच्या घाईत तो भाग दोन वाक्यांत उरकतो. राजा प्रेमाने आपलं चिलखत दाविदाला घालतो, पितळेचा टोप डोक्यावर ठेवतो. हेतू वाईट नव्हता. वस्तूही उत्तम होती, राजाची होती. पण दावीद दोन पावलं टाकून पाहतो आणि सांगतो की याची मला सवय नाही. तो ते उतरवतो आणि ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचतो. त्याला कुणी म्हटलं नाही की तुझे खांदे अरुंद आहेत, म्हणून तू लढाईच्या लायकीचा नाहीस. आणि म्हटलं असतं तरी त्याने ते मनावर घेतलं नसतं, कारण आपला हात कशाला सरावलेला आहे हे त्याला ठाऊक होतं.

दुपारी आम्ही परत शस्त्रागारात गेलो. रबरी हातोडीचे दोन हलके ठोके, आणि धातू सुटून वर आला. खाली त्याचा हुबेहूब ठसा. मग खरी परीक्षा. काकांनी स्क्रू ठरलेल्या मापाने, टॉर्क दाखवणाऱ्या पान्याने आवळले. मग भाचीचं बोट नळी आणि लाकूड यांच्या सांध्यावर ठेवलं आणि पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला. ताण असेल तर नळी बोटाखाली हलल्याचं जाणवतं. "काय कळलं का?" "नाही काका." "मग झालं." त्यांनी खिशातली दहाची नोट नळीखालून पार मागपर्यंत सरकवली. ती कुठेही अडली नाही. नळीला लाकडाचा स्पर्श नको, तिला मोकळं राहू द्यायचं.

मग मुलीचं माप. खांद्याकडची पाटी पुढे घेतली. गालपट्टी वर केली. काका म्हणाले, "डोळं मिट. रायफल उचल. गाल टेकव. आता उघड." डोळा उघडला तेव्हा तो थेट मागच्या साइटच्या छिद्रातून पाहत होता. मान वाकवावी लागली नाही. ती काही बोलली नाही, पण तिचे खांदे खाली आले. दोन वर्षं ते वर चढलेलेच होते.

रेंजवर पहिल्या पाच गोळ्या मध्यापासून बऱ्याच लांब लागल्या, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जवळ जवळ. लांब लागणं हा साइटचा प्रश्न, ते दहा मिनिटांत सुधारतं. एकत्र लागणं हे बसण्याचं काम. पुढच्या स्पर्धेत तिला पदक मिळालं नाही. तिची मान मात्र दुखली नाही, आणि ती अजून जाते.

काकांचं ते वाक्य माझ्यासोबत बेळगावला आलं. पॅरिशचं काम म्हणजे माणसांना जागेवर बसवणं. वाचन कुणी करायचं, गायनात कोण, आजाऱ्यांना भेटायला कोण. आमच्याकडे एक आजी आहेत. त्यांचं नाव वाचनाच्या यादीत लागलं की आदल्या रात्री त्यांना झोप यायची नाही. आता त्या महिन्यातून दोनदा अंथरुणाला खिळलेल्यांकडे जाऊन बसतात. फार बोलत नाहीत. पण त्या गेलेल्या घरातून फोन येतो की आजी पुन्हा कधी येणार. आजी त्याच आहेत, नंबर तोच आहे. लाकूड तेवढं बदललं.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. शेवटी स्क्रू आवळावे लागतातच, आणि ठरलेल्या मापाने आवळावे लागतात. सैल रायफलही कामाची नसते. पण घरात, वर्गात, चर्चमध्ये कुणी सारखं चुकतंय असं दिसलं, की आपला हात आधी पान्याकडे जातो. वेळ द्या, शिस्त लावा, आणखी घट्ट करा. त्याऐवजी एकदा लिपस्टिक लावून पाहायला काय हरकत आहे? भार नेमका कुठल्या दोन ठिकाणी पडतोय, आणि बाकीचं माणूस किती दिवस अधांतरी आहे, हे दिसेल.

या आठवड्यात तुमच्या ओळखीतल्या एका माणसाकडे तसं पाहा. आणि तुम्ही स्वतःच कुणा दुसऱ्याच्या मापाचं चिलखत घालून मान मोडत असाल, तर ते उतरवून ठेवायला घाबरू नका. ओढा जवळच असतो, आणि त्यात तुमच्या हाताला बसतील असे गोटेही असतात.