शेतातला ड्रेस



हरभरा महिन्याचा झालाय. आज सकाळपासून शेंडे खुडणी चालू आहे. पहाटे दव एवढं पडतंय की दहाच्या आत रानात शिरलं तर गुडघ्यापर्यंत भिजायला होतं. वर ती आंब. पायाला कुठं खरचटलेलं असलं तर अशी झोंबते की बोलायची सोय नाही. बाकीच्या बायांचे परकर खालून हातभर ओले झाले होते. मी सलवारची मोहरी गमबुटात खोचून निघाले. (मोहरी म्हणजे फोडणीची नव्हे, शिंपी लोक पायाच्या खालच्या घेराला मोहरी म्हणतात.)

न्याहारीला बसलो तर एक नवीन पोरगी म्हणाली, "काकू, असला ड्रेस कुठं मिळतो वं?" मिळत नाही, म्हणलं, शिवून घ्यावा लागतो. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

दोन वर्षांमागं सोयाबीनचा हडंबा चालू होता. पाऊस येतो का काय म्हणून सगळी घाई. अंगात साडी, वरून ह्यांचा जुना फुल शर्ट, आपल्याकडं सगळ्याच घालतात तसा. खाली पडलेल्या शेंगा गोळा करायला वाकले आणि शर्टाच्या खालून पदराचं टोक सुटलं. ट्रॅक्टरच्या शाफ्टला गुंतलं ते कळलंच नाही. कळलं ते खांद्याला हिसका बसल्यावर. शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. "अगं" म्हणायलासुद्धा वेळ मिळत नाही. साडी जुनी सुती होती, धुऊन धुऊन विरलेली, म्हणून टरकन फाटली. जावेनं मला मागं ओढलं, ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. खांद्यावर पिनेचा ओरखडा, तेवढ्यावर निभावलं. त्या दिवशी अंगात नायलॉनची साडी असती तर ती फाटली नसती, मीच गेले असते आत.

त्या रात्री ठरवलं, शेतात साडी बंद.

ठरवणं सोपं होतं. घालणार काय? गावात चाळिशीतल्या बाईनं ड्रेस घातला की लोक वळून बघतात. आणि खरं सांगू का, मला स्वतःलाच लाज वाटत होती. दोन बाळंतपणांनंतरचं अंग, पोट सुटलेलं, कंबर जाड. लेकीचा कुर्ता एकदा घालून बघितला तर आरशात मला पोतं शिवून बंद केल्यासारखी दिसले. शेतात कोण बघतंय असं म्हणायला ठीक आहे, पण शेतातूनच डेअरीला जायचं असतं, बँकेत जायचं असतं. आपण नीट दिसावं एवढं कुणालाही वाटतं की!

आत्याबाईंना सांगायचं तर छातीत धडधडत होतं. त्या सत्तरीच्या पुढच्या, आजही नऊवारीत असतात. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी जन्मभर दोन पायाचंच नेसले की. कासोटा काय असतो मग? परकर तुमच्या पिढीनं आणला." मी गप्प. खरंच होतं ते. सव्वाआठ मीटरचं लुगडं, पण काष्टा घातला की पाय मोकळे, पदर कमरेला करकचून खोचलेला. त्यात त्यांनी मोट हाकली, झाडावर चढल्या. आमची साडेपाच मीटरची सहावारी हलकी खरी, पण पाऊल टाकलं की परकर पायात येतो. शहाणपणाच्या नावाखाली आम्ही कामाचं कापड सोडून मिरवायचं कापड शेतात आणलं होतं.

पहिला ड्रेस बिघडला. शिंपीभाऊंनी नेहमीच्या मापानं अंगासरशी शिवला. दुसऱ्याच दिवशी पोतं उचललं आणि बगलेत फाटला. शिवाय साईडचे कट कमरेपासून, त्यामुळं खुरपायला बसलं की सगळं उघडं. रडायलाच आलं होतं.

दुसऱ्या वेळी मी दुकानात जमिनीवर उकिडवं बसून दाखवलं. हात वर करून दाखवला. तिथल्या बाया हसल्या, हसू देत. मग बदल असे केले: खांदा बरोबर मापाचा, कारण खांदा उतरलेला असला की कुठलीही बाई गबाळी दिसते. छातीखालून कळ्या घालून खाली सैल होत गेलेला, म्हणजे पोट झाकतं आणि बसायला घेर मिळतो. कट मांडीपासून. लांबी गुडघ्यापर्यंतच, त्याखाली असला की बसताना पायाखाली येतो. बगलेत चौकोनी तुकडा. गळ्याला कॉलर, नाहीतर मळणीचं भुसकट थेट पाठीत. बाही लांब आणि मनगटाला बटण. सलवारचं आसन मोकळं. कापड सुतीच, घाम ओढणारं. आणि उजव्या बाजूला मोबाईल मावेल एवढा खोल खिसा! पुरुषांनो, तुम्हाला जन्मापासून खिसे आहेत, तुम्हाला नाही कळायचं.

ओढणी नाही. डोक्याला रुमाल, त्याची टोकं कॉलरच्या आत. मशीनजवळ लोंबणारं काही म्हणजे काही नको.

पहिल्या दिवशी बांधावरून एकजण म्हणाला, "काय वहिनी, कॉलेजला निघाला का?" म्हणलं, हो, तुमची फी भरायची राहिलीय का? पुन्हा बोलला नाही. आठवड्याभरात जाऊ येऊन माप देऊन गेली. ती माझ्याहून बारीक, तिला कळ्या नको होत्या, सरळ कुर्ताच छान दिसतो.

आता तीन ड्रेस आहेत. सणाला, लग्नाला साडीच, ती माझी आवडती, तिच्याशी माझं भांडण नाही.

परवा शिंप्याकडं निघाले तर आत्याबाईंनी चोळीचं कापड हातात दिलं. म्हणाल्या, "त्याला म्हणावं आतून एक खिसा लाव. चंची सारखी पडती माझी."

चला, ऊन वर आलंय. अजून चार ओळी खुडायच्या आहेत.